‘व्हेरी गुड’च्या आधीची शांतता

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. माझ्यादेखत घडली, मी गुरुजींच्या ओट्यावरच बसलो होतो. म्हणजे ओट्यावर जागा नव्हती, म्हणून रस्त्यावर उभा होतो. आणि अगदी खोलातच शिरायचं तर त्या आठवड्यात मी बहिणीकडे सांगलीला होतो. पण तेवढ्याने गोष्ट खोटी ठरत नाही.

एकदा एक परिचारिका एका वृद्ध गुरुजींकडे आली. तिचं नाव हेमांगी. गुरुजींनी तालुक्याच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे गावातलं कोणीही परदेशी निघालं की आधी त्यांच्या ओट्यावर येई. हेमांगीचा नवरा परदेशात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होता. लहान मुलगी तिच्यापाशी. मुलीच्या लेखी बाप म्हणजे फोनमधला चेहरा. आपण जीभ काढली की तोही जीभ काढतो, एवढीच ओळख. त्याच शहरातल्या एका वृद्धाश्रमाला परिचारिका हवी होती. मुलाखत इंग्रजीत, व्हिडिओ कॉलवर. निवड झाली तर मायलेकी तिकडे जाणार आणि तिघांचं एक घर होणार.

“गुरुजी, मी नापास झाले,” हेमांगी म्हणाली.

“इंग्रजी अडलं?”

“नाही हो. उच्चार माझे एकदम स्वच्छ. रोज मोबाइलवर व्हिडिओ लावून शिकते. व्याकरणसुद्धा.”

“मग झालं काय?”

ती एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. वृद्धाश्रमाच्या प्रमुख बाई पडद्यावर आल्या आणि म्हणाल्या, “गुड आफ्टरनून, हेमांगी. टेल मी अबाउट युअरसेल्फ.” आणि उत्तरासाठी थांबल्या. हेमांगी ताठ बसली आणि अगदी त्याच चालीत म्हणाली, “गुड आफ्टरनून, हेमांगी. टेल मी अबाउट युअरसेल्फ.”

बाईंना वाटलं, आवाज घुमतोय. त्या म्हणाल्या, “आय थिंक देअर इज अ‍ॅन एको.” हेमांगीने तेही जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

गुरुजी हसले नाहीत. (मी असतो तर हसलो असतो.) त्यांनी विचारलं, “पुन्हा बोलावलंय?”

“पुढच्या महिन्यात. शेवटचं. त्यानंतर जागा दुसरीला देणार.”

“तो व्हिडिओ दाखव पाहू.”

पडद्यावर एक हसतमुख तरुण आला. एक वाक्य बोलला, डोळे मोठे करून गप्प राहिला आणि मग म्हणाला, “व्हेरी गुड!” पुन्हा एक वाक्य, पुन्हा शांतता, पुन्हा ‘व्हेरी गुड’. हेमांगी प्रत्येक शांततेत त्याचं वाक्य म्हणत होती, आणि म्हणत होती ते खरोखर छान. एकदा मध्येच तिला शिंक आली. तरुण म्हणाला, “व्हेरी गुड!”

“हे कोणाला म्हणाला तो?” गुरुजींनी विचारलं.

“मला.”

“तू तर शिंकलीस.”

हेमांगी ओशाळली. पण गुरुजींनी फोन आदराने परत दिला. “शिकवतो उत्तम. उच्चार माझ्याहून चांगले आहेत. हे सोडू नकोस. मात्र उद्यापासून रोज सकाळी विश्रामच्या घरी जाऊन बस. त्याला काय हवंय ते विचार आणि मला येऊन सांग.”

विश्रामकाका शेजारच्या गल्लीत राहत. तरुणपणी भजनी मंडळात पखवाज वाजवत. काही महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवं अंग गेलं आणि शब्द फार सावकाश येऊ लागले.

“आणि इंग्रजी?”

“तिथे मराठीच बोलायचं.”

“मराठी येतं मला, गुरुजी.”

“पाहू,” गुरुजी म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

हेमांगी चरफडत गेली. मुलाखत तोंडावर आलेली, आणि म्हातारा आजाऱ्याची चौकशी करायला पाठवतोय! विश्रामकाकांच्या खोलीत भट्टीसारखं गरम होत होतं. खिडक्या लावलेल्या, वर पडदे ओढलेले, आणि कोपऱ्यातल्या छोट्या स्पीकरवर भजनं चालू. काकांची सून म्हणाली, “ताई, त्यांना वारा अजिबात सोसत नाही बघा. सारखं बंद बंद करतात. म्हणून सगळं लावूनच घेते. भजन मात्र दिवसभर लावून ठेवते, तेवढंच मन रमतं त्यांचं.”

“काका, काय हवंय तुम्हाला?” हेमांगीने विचारलं.

काकांचे ओठ हलले. “बं... द...”

“बंदच आहे खिडकी. पाणी देऊ का? पाठ दुखतेय? कूस बदलू?”

काकांनी मान भिंतीकडे फिरवली.

“त्यांना काही नकोय,” तिने गुरुजींना येऊन सांगितलं.

“उद्या पुन्हा जा,” गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी काकांनी डावा हात उचलून अंथरुणावर आपटला आणि ती घाबरून उठून आली. “ते चिडतात माझ्यावर! मी नर्स आहे गुरुजी, इतक्या वर्षांत पेशंट असा चिडला नव्हता कधी.”

“उद्या पुन्हा जा.”

त्यानंतरच्या सकाळी ती रागाने गेली आणि रागानेच गप्प बसली. विचारलं एकदाच. काका म्हणाले, “बंद...” तिच्या जिभेवर खिडकी आली होती. तिने ती गिळली. काकांचे डोळे तिच्यावर होते. ती बोलणार, या भीतीने ते घाईघाईत शब्द शोधत होते. ती बोलत नाही असं दिसल्यावर त्यांचा श्वास हळूहळू संथ झाला. स्पीकरवर एक अभंग संपला, दुसरा सुरू झाला. दाराशी उभी असलेली सून काही सांगायला पुढे आली, तेव्हा हेमांगीने हातानेच तिला थांबवलं.

“बंद... करा,” काका म्हणाले. मग पुन्हा बराच वेळ काही नाही. मग, “ते... भजन.”

सून चकित झाली. “अहो मामंजी, भजन नको? तुमचा जीव की प्राण!”

“पखवाज...” काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांच्या कडा भरून आल्या होत्या. “पखवाज... चुकतोय.”

सुनेने स्पीकर बंद केला. मग काही सुचेना म्हणून तिने खिडकीही उघडली. काकांनी डोळे मिटले. झोपले असावेत, असं दोघींना वाटलं. पण त्यांची डाव्या हाताची बोटं चादरीवर ठेका धरत होती, अचूक.

हेमांगी गुरुजींकडे आली. तिला सांगताना दोनदा थांबावं लागलं. “इतके महिने, गुरुजी. घरातलं प्रत्येक माणूस प्रेमाने खिडकी लावत होतं.”

तेव्हा गुरुजी म्हणाले, “पडद्यावरचा शिक्षक थांबतो, तेव्हा त्याचं बोलणं संपलेलं असतं. ती शांतता त्याने तुझ्यासाठी ठेवलेली असते. ती भर, हेच योग्य. पण जिवंत मनुष्य थांबतो, तेव्हा पुष्कळदा तो आपल्या शांततेत अजून काही शोधत असतो. ती जागा त्याची. तुझी जीभ तयार झाली आहे, बाळ. आता समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ दे. मग जे येईल ते तुझं इंग्रजी.”

ठरलेल्या दिवशी मुलाखत झाली. प्रमुख बाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले, हेमांगीने उत्तरं दिली. मग बाई म्हणाल्या, “एखादे आजोबा सारखे म्हणाले, मला घरी न्या...” आणि थांबल्या. हेमांगीचं उत्तर तयार होतं, व्हिडिओ लावून घोटलेलं: शांत करीन, डॉक्टरांना कळवीन. तिने ओठ मिटून ठेवले. पडद्यावर बाईंनी मान खाली घातली होती. आवाज गेला की काय, अशी शंका यावी इतका वेळ गेला.

“माझे वडील म्हणत असत,” बाई अखेर म्हणाल्या. “शेवटी शेवटी. त्यांच्याशी काय बोलावं, मला कधी कळलंच नाही.”

तो प्रश्नच नव्हता. त्याचं उत्तर कुठल्या व्हिडिओत नव्हतं. हेमांगी अडखळत, क्रियापदं चुकवत इंग्रजीत म्हणाली, “मी विचारीन, घरातली कोणती खोली? तिथे काय आहे? ते सांगतील. हळू सांगतील. मी बसेन.”

यावर ‘व्हेरी गुड’ कोणी म्हटलं नाही. बाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि विचारलं, “मुलीला शाळा कुठली हवी, काही ठरवलंय का?”

आता मायलेकी तिकडेच असतात.

यातलं खोटं काय, ते सांगून टाकतो. पखवाज खरा, मुलाखत खरी, शिंकसुद्धा खरी. गुरुजींचं भाषण तेवढं माझं. हेमांगीचं सांगून झालं तेव्हा गुरुजी तिच्यासमोर नुसते बसून राहिले. ती डोळे पुसत होती, आणि ते एक शब्दही बोलले नाहीत. दृष्टांतात वडीलधाऱ्याने चार शब्द सांगावेत अशी वाचकांची अपेक्षा असते, म्हणून त्यांच्या शांततेत ते मी घातले.