मूर्वेद्रची खूण

“पण हिची खूण काय, फादर?”

अनघानं हे तिसऱ्यांदा विचारलं. फादर इनास वेलीखाली वाकून सुकलेली पानं काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दिंडोरीच्या पुढे एका टेकडीच्या उतारावर त्यांची अर्ध्या एकराची बाग होती. मार्च सरत आला होता. आजूबाजूच्या सगळ्या बागा खुडून मोकळ्या झाल्या होत्या. इथले घड मात्र अजून वेलीवरच होते. बारीक मणी, काळा रंग, जाड साल. जातीचं नाव मूर्वेद्र. मूळची भूमध्य समुद्राकाठची. फ्रान्समध्ये तिला या नावानं ओळखतात, स्पेनमध्ये मोनास्त्रेल म्हणतात. कुठंही लावा, सगळ्यांच्या मागून पिकते.

चाळीस वर्षांपूर्वी फादरांनी तिच्या लावणीच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या होत्या. तेव्हापासून ते दरवर्षी चर्चमधल्या मिस्सासाठी आणि आल्यागेल्यासाठी थोडी वाईन करत. विकत नसत.

अनघा बोरस्ते पिंपळगावची, द्राक्षबागायतदाराची मुलगी. वाईनची पारख शिकायला युरोपात गेली आणि तिथंच राहिली. नाव न सांगता दिलेला पेला ओळखावा तर अनघानंच, असं तिच्याबरोबरचे म्हणत. तिलाही ते पटलेलं होतं.

शेवटच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा घात केला तो याच जातीनं. आता तिसरी संधी जूनमध्ये होती. त्यानंतर दार बंद.

फादरांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या हातात कात्री दिली.

तीन दिवस ती पानं काढत होती आणि बोलत होती. कोणत्या गावची मूर्वेद्र कशी, कोणत्या वर्षाची कशी, कोणी तिच्याविषयी काय लिहिलंय. फादर हूं म्हणायचे. तिसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढलं, एक मणी चिरडून रस तपासला आणि शुगर चोवीस आली असं सांगितलं. खुडायला हरकत नाही, असंही सांगितलं.

फादरांनी एक मणी तोडून तिला दिला. बी चावायला लावली.

तिचं तोंड वाकडं झालं.

“आकडा बरोबर आहे,” फादर म्हणाले. “द्राक्ष तयार नाही.”

चौथ्या दिवशी तिला निघायचं होतं. सकाळी दहाच्या सुमाराला फादरांनी आतून एक बाटली आणली. ओसरीवरच्या टेबलाशी दोघं बसली. त्यांनी एकच पेला भरला आणि तिच्यापुढे सरकवला.

अनघानं पेला फिरवला, नाकाशी नेला. काहीच आलं नाही. ओल्या भिंतीसारखं काहीतरी, बस. तरी तिनं सांगितलं. काळी मिरी, ब्लॅकबेरी, लाकडाचा धूर.

“ठेव खाली,” फादर म्हणाले. “हवा लागू दे. अजून उघडली नाही.”

थोड्या वेळानं तिनं पुन्हा वास घेतला. पुन्हा यादी सांगितली, आता थोडी लांब.

“ठेव.”

मग बराच वेळ फादरच बोलले. इतकं ते कधी बोलत नसत.

ते वसईचे. सव्विसाव्या वर्षी त्यांना दक्षिण फ्रान्समधल्या एका मठात पाठवलं. भाषा येत नव्हती, थंडी सोसत नव्हती. मठाच्या बागेत ओनोरे नावाचे एक म्हातारे ब्रदर होते, त्यांच्या हाताखाली काम दिलं. ओनोरे दिवसातून चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन वेलींशी. ओळीच्या टोकाला उभं राहिलं की खाली समुद्र दिसायचा. तरुण इनास तिथं उभा राहून वसईची दिशा शोधायचा. केळीच्या बागा, विहिरीवरचा रहाट, आईची हाक. दुपारी ओनोरे पाव मोडून अर्धा त्याला द्यायचे आणि त्याच दिशेला बघत बसायचे. काय बघता, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

“तिथं असताना वसई आठवायची,” फादर म्हणाले. “आता इथं बसून तिथलं आठवतं. तो पाव... त्याला लागलेली त्यांच्या हाताची माती.”

उतारावरून वारा आला. घड हलले.

निघायच्या वर्षी ओनोरेंनी त्याला काड्या कापून दिल्या. निरोपाचं म्हणून काही बोलले नाहीत. नंतर दोन वर्षांनी ते गेल्याचं पत्र आलं, तेव्हा इथल्या वेलींनी पहिला बहर धरला होता.

अनघानं घड्याळ पाहिलं. दुपार कलायला लागली होती. तिनं सवयीनं पेला उचलला, सांगायला तोंड उघडलं.

“यात...”

जांभळाची साल. चुरडलेली ओव्याची पानं. आणि त्या सगळ्याखाली चामडं, घामानं भिजून उन्हात वाळलेलं. बैलाच्या गळ्यातला पट्टा. दुपारी मळ्यातून आल्यावर तिचे वडील, अप्पा, तो दाराजवळच्या खुंटीला अडकवायचे आणि तसेच तिला उचलून घ्यायचे. तेव्हा त्यांच्याकडे काळ्या द्राक्षांच्या बागेचा एक तुकडा होता. अप्पांची बोटं महिनाभर जांभळी असायची. ती दहा वर्षांची असताना हिरव्या द्राक्षांना भाव जास्त म्हणून तो तुकडा उपटला. त्या दिवशी अप्पा जेवले नव्हते.

गेल्या वर्षी अप्पा गेले तेव्हा ती परीक्षेच्या गावी होती. आठ दिवसांवर पेपर होता. ती आली नाही. दहाव्यालाही आली नाही. पेपर दिला, आणि नापास झाली. कोणी काही विचारायच्या आत ती दुसरंच काहीतरी बोलायला लागायची. वर्षभर तिचं असंच चाललं होतं.

तिनं पेला दोन्ही हातांत धरला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं ते पुसलं नाही.

फादर समोर बसून होते. किती वेळ गेला कोण जाणे.

“उघडली,” ते म्हणाले.

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. अनघानं सांगितलं नाही. उन्हं उतरायच्या आत ती निघाली, पण नाशिकला न जाता आधी पिंपळगावला गेली. आईजवळ चार दिवस राहिली. विमानाचं तिकीट बुडालं.

पुढच्या मार्चमध्ये ती परत आली. फादर फार थकले होते. आता बागेत जात नव्हते, ओसरीवर खुर्ची टाकून वेलींकडे बघत बसत.

तिनं त्यांना परीक्षेचं सांगितलं. चौथ्या पेल्याला काहीच वास नव्हता. आधीची अनघा असती तर तिथंच काहीतरी लिहून मोकळी झाली असती. या वेळी तिनं तो बाजूला ठेवला, बाकीचे सगळे संपवले आणि शेवटी त्याच्यापाशी येऊन बसली. पेपर तिच्या हातातून काढून घ्यावा लागला. त्या पेल्यापुढे तिनं फक्त जातीचं नाव लिहिलं होतं. ती पास झाली.

फादरांनी मान डोलावली.

मग तिनं अप्पांचंही सांगितलं. त्या दिवशी जे सांगितलं नव्हतं ते सगळं. फादर डोळे मिटून ऐकत होते.

तिनं बाटली उघडली होती त्याला तीन तास होऊन गेले होते. पेला भरून तिनं त्यांच्यापुढे धरला आणि या वेळी आधी तुम्ही वास घ्या, असा आग्रह केला.

फादर हसले. पेला घेऊन तसाच टेबलावर ठेवला. मग त्यांनी सांगितलं, की अकरा वर्षांपूर्वी एक लांबलेला ताप आला होता. त्यात त्यांची वास घ्यायची शक्ती गेली, ती परत आली नाही. तेव्हापासून पाणी काय आणि वाईन काय, त्यांना सारखंच.

अनघानं टेबलावरच्या भरल्या पेल्याकडे पाहिलं.

“मग त्या दिवशी...” ती म्हणाली. “ती उघडली, हे तुम्हाला कसं कळलं?”

फादरांनी बागेकडे पाहिलं.

“तू बोलायची थांबलीस.”