कुंपण आले, विद्या आली नाही

नदीकाठच्या एका रानात हरणांचा मोठा कळप राहत असे. उन्हाळ्यात नदी आटली, की पलीकडच्या डोंगरातले लांडगे चालत अलीकडे येत आणि पाडसे उचलून नेत. दूरच्या रानातल्या एका साळिंदराला काटेरी फांद्यांचे असे कुंपण विणता येई, की लांडग्याचे नाकही आत शिरत नसे. कळपाच्या म्होरक्या काळविटाने त्याला बोलावले. "कुंपण विणून द्या आणि ती विद्या आमच्या सुगरण पक्ष्यांना शिकवा. म्हणजे पुढे आमचं रक्षण आमचं आम्हाला करता येईल. दोन्ही केलंत, तर दरवर्षी आमच्या मोहाची फुलं तुमची." साळिंदराने मान डोलावली. मुलांनो, ती फुले म्हणजे हरणांचे उन्हाळ्यातले खाणे! पाडसांसाठी त्यांनी पोटाला चिमटा काढला. करारावर देखरेख करायला त्यांनी कोल्ह्याला नेमले.

सुगरणी मोठ्या उमेदीने शिकायला आल्या. साळिंदराने त्यांना फांद्या वाहायला लावल्या, पाला झाडायला लावला. गाठ मारायची वेळ आली, की तो म्हणे, "जरा लांब बसा. काटा लागेल." शेवटी एक सुगरण कोल्ह्याला म्हणाली, "गाठ कशी मारायची, ते आम्हाला दाखवलंच नाही." साळिंदराने दिलेला मध चाटत कोल्हा म्हणाला, "फांद्या वाहिल्यात ना? तेही शिक्षणच." कुंपण उभे राहिल्यावर तो काळविटाकडे गेला आणि खुशाल सांगून आला, "विद्या मिळाली. करार पुरा झाला." काळविटाने फुले देऊन टाकली.

पुढच्या उन्हाळ्यात वावटळीने कुंपण एका बाजूने उसवले. सुगरणींनी खूप धडपड केली, पण त्यांची एकही गाठ टिकेना. लांडगे आत शिरले आणि एका हरिणीचे पाडस घेऊन गेले. साळिंदराकडे निरोप गेला. त्याचे उत्तर आले, "येतो की. पण या खेपेला आवळीचं बनही हवं." कोल्हा म्हणाला, "देऊन टाकू. तो मोठा कारागीर आहे." तेव्हा ती हरिणी पुढे झाली. "गेला उन्हाळाभर माझं लेकरू अर्धपोटी राहिलं, ते कशासाठी? फांद्या वाहायला आमच्या सुगरणींना कुणी शिकवायला हवं होतं का?"

काळवीट म्हणाला, "चूक माझीही आहे. विद्या मिळाली का, हे मी कोल्ह्याला विचारलं. सुगरणींना विचारलं नाही." त्याने कोल्ह्याला रानाबाहेर काढले आणि साळिंदराला कळवले, "विद्या दिल्याशिवाय यापुढे एकही फूल मिळणार नाही." मोहाला चटावलेला साळिंदर कुरकुरत आला. या वेळी सुगरणी त्याच्या पंजाला चोच लावून बसल्या, आणि प्रत्येकीला गाठ जमेपर्यंत हरिणीने त्याला हलू दिले नाही. कुंपण पुन्हा उभे राहिले, पण हरिणीचे पाडस काही परत आले नाही.

तात्पर्य : विद्या देण्याचा शब्द मिळाला म्हणजे विद्या मिळाली असे नव्हे, ती मिळाली की नाही, हे शिकणाऱ्यालाच विचारावे आणि मगच मोल द्यावे.