पाठमोरे पहारेकरी

त्या मुलखात आभाळाची वाटणी झालेली होती. डोंगराच्या अलीकडचं आभाळ उगवत्या तळ्याचं आणि पलीकडचं मावळत्या तळ्याचं. डोंगरमाथ्यावरचा वारा पंख मोडी, म्हणून प्रत्येक थव्याला मधल्या खिंडीतूनच जावं लागे, आणि खिंडीत बारा महिने धुकं साचलेलं असे. धुक्याचे दोन थर होते. वरचा कोरडा, खालचा ओला. कोणत्या थरातून जायचं ते पहारेकरी सांगत. खिंडीच्या अलीकडच्या काठावर, खडकावर, उगवत्या तळ्याची टिटवी बसे. समोरच्या काठावर, वठलेल्या झाडावर, मावळत्या तळ्याचा कोतवाल पक्षी.

धुक्यात शिरणारा आणि धुक्यातून निघणारा प्रत्येक पक्षी त्या दोघांना दिसू शकला असता. पण रीत वेगळी होती. आपला थवा धुक्याला टेकला की पहारेकऱ्याने "आमचं संपलं" असं ओरडायचं आणि खिंडीकडे पाठ करायची. फार पूर्वी दुसऱ्याचे मासे चोरून पाहण्यावरून दोन्ही तळ्यांत भांडण झालं होतं. तेव्हापासून परक्या आभाळात डोकावणं हलक्या घरचं लक्षण मानलं जाई. पिल्लांना उडायच्या आधी मान फिरवायला शिकवत.

आपल्या थव्याला प्रत्येक पहारेकरी अर्थातच वरचा थर देई.

थवे थोडे होते तोवर हे चाललं. मग थवे वाढले. एका सकाळी इकडून करकोचे निघाले आणि तिकडून चक्रवाक. करकोच्यांच्या रांगेत सर्वांत पुढे थोरला होता. त्याच्या धाकट्या भावाने त्याच्या मागोमाग उडायचा हट्ट धरला होता.

"तुला अजून धड हाका समजत नाहीत," थोरला म्हणाला. "शेपटाला जा."

धाकटा चिडून शेपटाला गेला. म्हणून तो वाचला. धुक्यात पुढे काहीतरी तुटल्याचा आवाज झाला, मग पुन्हा झाला, आणि पांढऱ्यातून पिसं येऊन त्याच्या तोंडावर आदळू लागली.

दोन्ही तळ्यांवर चौकशी बसली. उगवत्या तळ्याने ठरवलं की आपल्या हद्दीत सगळं सुरळीत होतं. मावळत्या तळ्यानेही तेच ठरवलं. दोघांचंही खरं होतं. मेलेले खिंडीच्या तळाशी पडले होते आणि ती जागा कुणाच्याच हद्दीत नव्हती, त्यामुळे त्यांना उचलायला कुणी गेलं नाही. धाकटा गेला. थोरल्याची मान त्याने सरळ केली, पण ती पुन्हा वाकडी झाली. बराच वेळ तो ती सरळ करत राहिला.

उरलेल्या थव्याला खिंड ओलांडावीच लागणार होती. अलीकडचं पाणी आटत चाललं होतं. रांगेत पुढे कोण, यावर कुणी बोलेना. शेवटी थोरल्याची बायको म्हणाली, "मी जाते पुढे." तिचं पिल्लू तिच्या मागे उडणार होतं.

"वहिनी, थांबा जरा," धाकटा म्हणाला.

"कशासाठी थांबू?"

ज्या पहाटे थवा निघणार होता, त्या पहाटे धाकटा एकटाच पुढे उडाला आणि थेट परक्या झाडावर कोतवालाच्या अंगावर जाऊन पडला. "तू बघत होतास! माझा दादा मेला तेव्हा बघत होतास!"

"मी?" फांदी सावरत कोतवाल म्हणाला. "मी पाठ करून बसलो होतो. मी काही चोर नाही, लोकांकडे डोकावायला. त्या समोरच्या बाईंना विचार."

धाकटा खिंड ओलांडून टिटवीकडे आला.

"मी तर केव्हाच पाठ केली होती," टिटवी दुखावून म्हणाली. "इतकी वर्षं समोर आहे तो, एकदा तरी वळून पाहिलंय का मी? कसा आहे रे दिसायला?"

"काळा आहे. शेपूट दुभंगलेलं."

"असं? आवाजावरून मला जाडा वाटायचा."

एवढ्यात खाली पंख वाजले. करकोच्यांची रांग चढत येत होती. सर्वांत पुढे वहिनी होती आणि तिच्यामागे पिल्लू, आईच्या दोन झेपांत तीन झेपा घेणारं. टिटवीने एक हाक दिली. वरचा थर. धाकट्याने पलीकडे पाहिलं. मावळत्या आभाळात चक्रवाकांचा तांबूस थवा उठला होता आणि कोतवालही एकच हाक देत होता.

"बाई, तिकडून येतायत! वळा!"

"आमचं संपलं," टिटवीने ओरडून टाकलं आणि तळ्याकडे तोंड केलं.

"वळून बघा फक्त!"

"आणि तळ्यावर काय तोंड दाखवू?"

समोर कोतवालाचीही पाठ फिरली. वहिनीचं डोकं धुक्यात बुडालं. धाकट्याला एकही हाक धड येत नव्हती. तो टिटवीच्या पुढे उडी मारून उभा राहिला आणि त्याने दोन्ही पंख पूर्ण पसरले. तळं झाकलं गेलं. टिटवी डावीकडे सरकली, तोही सरकला. ती उजवीकडे सरकली, तोही. तिच्यापुढे नुसती राखाडी पिसं होती.

टिटवी वळली.

खिंडीच्या तोंडाशी चक्रवाक पोचले होते, करकोच्यांच्याच उंचीवर. "अहो!" ती किंचाळली. "अहो, काळे! वळा! आमचे वर आहेत, तुमचे खाली घ्या!"

कोतवालाची पाठ हलली नाही.

"बावीस आहेत आमचे! लेकरू आहे त्यात!"

उगवत्या तळ्याने आपल्या थव्याचा आकडा कधीच कुणाला सांगितला नव्हता. कोतवालाने मान फिरवली. खिंडीवरून दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांचं तोंड पाहिलं. मग कोतवालाने धुक्याकडे पाहिलं आणि दोन हाका दिल्या. खालचा थर.

धुक्यात काही ऐकू येईना. धाकट्याचे पंख पसरलेलेच राहिले होते.

"चक्रवाकांचा पहिला निघाला इकडे, बाई?" कोतवालाने विचारलं.

"निघाला. भिजलाय."

"तुमची पहिली निघाली. पिल्लूही. तीन. चार." कोतवाल मोजत राहिला. "एकवीस. तुम्ही बावीस म्हणाला होतात. एक कुठाय?"

टिटवीने धाकट्याकडे पाहिलं. "बाविसावा इथेच आहे. जा रे," ती म्हणाली.

तो धुक्यात शिरला. आत चोचीपुढचं दिसत नव्हतं. मागे टिटवीची चोच सवयीने उघडली, पण "आमचं संपलं" हे शब्द आले नाहीत. ती एकच हाक पुन्हा पुन्हा देत राहिली. अर्ध्या वाटेत, खाली जिथे थोरला पडला होता त्याच्या बरोबर वर, ती हाक अंधुक होऊ लागली, आणि ती पुरती विरायच्या आत समोरून कोतवालाची सुरू झाली.