पाषाणगुहेची तीन दारे आणि राजकन्या तरला

एका राज्यात अशुभ बोलण्यास बंदी होती. बांगडी फुटली म्हणायचे नाही, वाढवली म्हणायचे. दिवा विझला म्हणायचे नाही, शांत झाला म्हणायचे. वास्तू सदा तथास्तु म्हणत असते, अशी तिथली ठाम समजूत. कुणी मरणाचे नाव काढले, की आयाबाया धावून त्याच्या तोंडावर हात ठेवत. त्यामुळे झाले काय, की भीती कधी बाहेर पडेना. जो तो ती पोटात मुरवत बसला.

घोरनाद मांत्रिकाने हे हेरले. न बोललेल्या भयावरच त्याची विद्या पोसत असे. त्याने राजा सुमंतसेनाला शाप दिला आणि राजाचे पाय पाषाणाचे झाले. रोज सकाळी पाषाण थोडा वर चढे. कमरेपर्यंत आला, तरी दरबारी म्हणत, "महाराजांची प्रकृती उत्तम आहे!"

राजाची एकुलती एक कन्या तरला. ती फार दचके. ताट पडले तरी दचके, पाल चुकचुकली तरी दचके. मागून कुणी हाक मारली, तर हातातले फुलपात्र भिरकावून देई. दासी म्हणत, "ताईसाहेबांच्या अंगात ससा शिरलाय."

एके दिवशी सज्ज्यावर एक भारद्वाज पक्षी उतरला आणि मनुष्यवाणीने बोलला, "काळ्या डोंगराच्या गुहेत शापित मणी आहे. पाषाणाला लावला, की पाषाणाचा माणूस होतो. वाटेत तीन दारे. दारातून जो मागे फिरेल, तो तिथेच पाषाण होईल."

वीर गेले. खुद्द सेनापती गेला. परतले कुणीच नाही. पाषाण राजाच्या छातीशी आला, तेव्हा तरला उठली.

"तू?" राजा म्हणाला. "पोरी, तू तर मांजरालाही भितेस."

"होय, आबासाहेब. पण दुसरे कुणी उरले नाही."

मशाल घेऊन ती निघाली आणि भारद्वाज वाट दाखवत तिच्यासोबत गुहेत आला. पहिले दार उघडले आणि आगीचा सिंह गरजला. तरला किंचाळली. मशाल हातातून पडली, छाती धडधडू लागली. दोन्ही बाजूंना वीर पाषाण होऊन उभे होते, तोंडे मागे वळलेली. सेनापतीही त्यांतच.

"हे तर शूर होते," ती म्हणाली.

"तेच नडले," भारद्वाज म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा दचकले. वाटले, हरलो. आणि वळले."

तरलेला हसूच फुटले. "मी तर न्याहारीच्या आधीच कितीदा तरी दचकते!"

"मग सांग. छाती धडधडली, ती तुझ्या हुकमाने?"

"नाही."

"आणि पाऊल?"

तिने खाली पाहिले. "ते माझ्या हुकमाने." असे म्हणून, कापत कापतच, तिने पाऊल टाकले आणि सिंहाच्या जबड्यातून ती पलीकडे निघाली. जबडा मिटला नाही.

दुसऱ्या दारावर दगडी मुखवटे होते. तिला पाहताच ते ओरडले, "भित्री! ससुली! तुझ्या बापाला मुलगा असता, तर असा दगड झाला नसता!"

तरलेचे डोळे भरून आले.

"बोलणे त्यांचे," भारद्वाज म्हणाला. "मनावर घेणे तुझे."

तिने नाक पुसले. "एवढेच? आमच्या मुदपाकखान्यातल्या बायका याहून झणझणीत बोलतात."

मुखवट्यांनी लगेच सूर बदलला. "धन्य राजकन्ये! क्षणभर थांब, तुझी स्तुती गातो."

"गा की," ती म्हणाली, आणि थांबली नाही.

तिसऱ्या दारात स्वतः घोरनाद उभा होता. तळहातावर मणी. त्याच्या पायाशी डोह होता. त्यात आबासाहेब दिसत होते. पाषाण गळ्याशी आला होता.

"मागे फिर," घोरनाद म्हणाला, "म्हणजे तो पाषाण आहे तिथेच थांबवतो. तुझा बाप अमर होईल."

"आणि न फिरले तर?"

"तर काय, ते तुला ठाऊक आहे. उच्चारू मात्र नकोस. वास्तू तथास्तु म्हणेल."

तरलेची टाच वळू लागली. तिने भारद्वाजाकडे पाहिले. तो चोचीने पंख साफ करत बसला होता. मग तिने डोळे मिटले आणि राज्यात कुणी बोलले नव्हते ते मोठ्याने बोलली.

"माझे आबासाहेब मरतील. आज नाही तर उद्या, मणी मिळो वा न मिळो. मीही मरेन. ते माझ्या हाती नाही. आज त्यांच्यासाठी हात पुढे करणे माझ्या हाती आहे."

वास्तू काही बोलली नाही. घोरनाद मात्र उपाशी पडला. आधी सावलीएवढा झाला, मग वातीएवढा, मग धूर होऊन छताला लागला. मणी तिच्या ओंजळीत होता.

परतताना तिने एकेका वीराला मणी लावला. सेनापती मान खाली घालून म्हणाला, "राजकन्ये, आम्ही भ्यालो."

"आधी नुसते दचकला होतात, सेनापती. भ्यालात ते वळताना."

मणी राजाच्या गळ्याला लागला आणि पाषाण सालीसारखा गळून पडला. राजा उठला, पायाला मुंग्या आल्या म्हणून ओरडला, आणि साऱ्या नगरात नगारे झडले. बंदी उठली. दरबारात रोज सकाळी राजा विचारू लागला, "आज काय काय बिघडू शकेल?" लोक बिनदिक्कत सांगत: पूर येईल, घोडा लंगडेल, मूल आजारी पडेल. मग आपल्या हाती असेल तेवढे करायला निघून जात.

राजा सुमंतसेन पुढे मरेपर्यंत जगला, आणि भरपूर जगला. त्यांचे भले झाले, तसे ऐकणाऱ्यांचे होवो. आणि न झाले, तरी ऐकणारे ताठ उभे राहोत.