रेवंदचिनीची पुडी

“नाडीला सगळं कळतं, मग तोंडाने विचारायचंच कशाला, बाबा?”

उपेंद्र विचारत होता आणि हाताने पुडीला लाल दोरा बांधत होता. गाठ मात्र सुरेख बसली होती.

लीबाबा चहा पीत राहिले.

लीबाबा म्हणजे माझगावातले चिनी वैद्य. त्यांचे आजोबा बोटीने आले आणि इथलेच झाले. हा नातू मराठीत भांडतो, मराठीतच पथ्य सांगतो. उपेंद्र त्यांचा शिष्य. पोरगा हुशार, त्यात शंका नाही. पण मनगटावर तीन बोटं टेकवली की लगेच त्रास सांगून मोकळा, आणि समोरच्याने आ वासला की स्वारी खूश. मला विचाराल तर त्याचा अर्धा जीव त्या आ वासण्यातच अडकलेला होता.

आज बाकावर प्रणिता तांडेल बसली होती. मासळीबाजारात टोपली घेऊन बसणारी, तिशीची बाई. पोट साफ होत नव्हतं, सारखं फुगायचं. ती तोंड उघडायच्या आत उपेंद्रने तिचा त्रास तिलाच सांगून टाकला, आणि तीही थक्क झाली.

बाबांच्या दुकानात एक रीत होती. मुळं, साली, पानं आधी कागदावर मांडायची. घेणाऱ्याला दाखवायची, त्याला हात लावू द्यायचा. मग दोरा. आज उपेंद्रने दोरा आधीच बांधला होता.

“सोड,” बाबा म्हणाले.

“बाबा, आता गाठ…”

“सोड रे.”

गाठ सुटली. कागद पसरला.

“दुसरं काही चालू आहे का, विचारलंस हिला?”

“विचारलं. औषध नाही म्हणाल्या.”

“नाहीच आहे,” प्रणिता म्हणाली.

“आणि हिने तुला काय विचारलं?”

“याने अपाय नाही ना होणार, असं. मी म्हटलं, ताई, हा नुसता झाडपाला. बिनधास्त घ्या.”

बाबांनी कप खाली ठेवला. प्रणिताच्या शेजारी बसले, तिचं मनगट हातात घेतलं.

आणि बसून राहिले.

…

उपेंद्र या पायावरून त्या पायावर झाला. एवढा वेळ? त्याला तर सगळं कधीच कळलं होतं.

…

“काय झालं, बाबा?” प्रणिताच घाबरली. “वाईट आहे काय काही?”

“नाही गं, पोरी. बस.”

…

आता माणूस गप्प तरी किती बसणार. प्रणिता बोलायला लागली. सकाळपासून बसून असते, पाणी प्यायला फुरसत नाही. मोठी शाळेत जाते, धाकटी आजीजवळ. धाकटीच्या वेळी फार रक्त गेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुन्हा दिवस गेले तर हिच्या जिवाची खात्री नाही.

“मला बाहेर ऐकू आलं ते,” ती म्हणाली. पदराने डोळे पुसले, मग उगाचच हसली. “मी गेले तर माझ्या पोरींना कोण बघणार? म्हणून तर गोळी कधी चुकवत नाही. रात्री जेवून उठले की आधी गोळी.”

“कसली गोळी?” उपेंद्रने विचारलं.

“ती हो… दिवस राहू नयेत म्हणून असते ती.”

“अहो ताई, मग मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?”

“तुम्ही औषधाचं विचारलंत. मी काय आजारी आहे?”

आता आ वासायची पाळी उपेंद्रची होती.

बाबांनी कागदावरून एक पिवळी चकती उचलली. “हे काय?”

“रेवंदचिनी. पोट साफ करणारं मूळ.”

“किती घातलीस?”

“जरा… सढळ हाताने. लवकर गुण यावा म्हणून.”

“काढा कधी घ्यायला सांगितलास?”

“रात्री. जेवणानंतर.”

“पोटात काय ठेवायचं नि काय काढायचं, ते ही चकती काय हिला विचारून ठरवणार?”

उपेंद्र चकतीकडे बघत राहिला. मग हळूहळू, एकेक शब्द जोडत बोलला. “गोळी अंगात भिनायच्या आत जोराचे जुलाब झाले… तर गोळी घेतली काय नि न घेतली काय. आणि यांना वाटलं असतं, आपण तर चुकवली नाही.”

प्रणिताने कागदावरचा हात झटकन मागे घेतला.

“घाबरू नकोस,” बाबा म्हणाले. “पुडी अजून इथंच आहे.”

उपेंद्रने पिवळ्या चकत्या वेचून बाजूला काढल्या. “बाकीचं देऊ ना, बाबा?”

“बाकीच्यांचं त्या गोळीशी जमतं का?”

“…तुम्ही सांगा.”

“मला ठाऊक नाही.”

एवढ्या वर्षांत हे वाक्य उपेंद्रने या दुकानात ऐकलं नव्हतं. निदान त्याला तरी आठवत नव्हतं.

बाबा प्रणिताकडे वळले. “हे सगळं घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जा. काढलेल्या चकत्याही ने. हा येईल सोबत, नावं सांगेल.”

“त्यांना झाडपाल्याचं काय सांगायचं, बाबा? रागावतील त्या.”

“रागावू दे. गोळी चालू ठेव. आणि त्या हो म्हणेपर्यंत यातलं काही पोटात घालू नकोस. पोटाचंही त्यांच्या कानावर घाल.”

ती चपला शोधायला लागली. उपेंद्रने कागद घडी घालून उचलला, दोरा न बांधता. दाराशी जाऊन तो परत आला. चेहरा पडलेला होता, पण राहवत नव्हतं.

“बाबा, तुम्हाला नाडीत लागली ना ती गोळी?”

“छे.”

“जराही नाही?”

“जराही नाही.”

…

“मग इतका वेळ मनगट कशाला धरून बसायचं?”

लीबाबांनी गार झालेला चहा उचलला.

“समोरच्याचं बोलून व्हायच्या आत आपण उठू नये म्हणून.”