सासूबाईंचा आवाज आणि यमुताईंचे गुडघे

नृसिंहवाडीला महिनाभर दत्ताची सेवा केली आणि यमुताईंचे गुडघे दुखायचे थांबले. ही बातमी कानावर येताच प्राध्यापक ढवळीकर घाटावर हजर झाले. तीर्थाला आलेल्यांना बरं का वाटतं, यावर त्यांचं संशोधन चालू होतं.

यमुताईंना धड बोलूही न देता ते साऱ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा मनाचा खेळ आहे, बाई! घरी सासूची कटकट असते. इथे ती नाही, म्हणून गुडघे गप्प! हे खोटं ठरलं, तर सुटाबुटासकट कृष्णेत बुडी मारीन."

सगळा घाट खो खो हसला. यमुताईंनी फक्त पदर हळूच पाण्यात सोडला.

"यमू! पदर भिजतोय! लक्ष कुठाय तुझं?" वरच्या पायरीवरून खणखणीत आवाज आला.

"त्या माझ्या सासूबाई," यमुताई म्हणाल्या. "घरी निदान मी स्वयंपाकघरात असते आणि त्या ओटीवर. इथे महिनाभर एकाच खोलीत आहोत. तुमच्या हिशेबानं मी एव्हाना रांगायला हवं होतं!"

प्राध्यापकांनी चोरट्या नजरेनं नदीकडे पाहिलं.

"अहो सूटवाले," सासूबाई कडाडल्या, "बुडी मारायचीय ना? मग आधी ते बूट काढा, पायरी घाण होतेय!"