वीतभर वर

नाशिकच्या इंद्रायणीबाईंच्या नव्या फ्लॅटमध्ये राजवाडे नावाचे बडे डिझायनर लटकता दिवा बसवून घेत होते. एक काळी वायर, टोकाला साधा काचेचा गोळा. भिंती कोऱ्या. बाईंच्या गेलेल्या मुलाचा, सहा फुटी सुजयचा फोटोही त्यांनी 'पसारा' म्हणून कपाटात ठेवायला लावला होता.

बाई म्हणाल्या, "वीतभर वर घ्या. सुजयच्या डोक्याला लागेल."

राजवाडे वैतागले. "अहो बाई, दिव्याची उंची घरात वावरणाऱ्या माणसांवरून ठरते!"

"म्हणूनच म्हणते. मी दिवसभर एका खुर्चीत बसून असते. या घरात वावरतो तो तोच."

राजवाडे स्वतः स्टुलावर चढले. वायर आखडून त्यांनी हळूच विचारलं, "आता नाही ना लागणार त्याला?"